घरचे म्हणतात ‘दम धर’, आणि पंप ड्रॉवरमध्ये

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): वय ३१, लहानपणापासून दमा, रोजचा पंप (इन्हेलर) चालू होता. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा "पोटातल्या बाळाला औषध नको" म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी पंप बंद केला. सातव्या महिन्यात एका रात्री धाप इतकी वाढली की ॲडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला. पुढे ३३व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली, त्याआधी "बाळाच्या फुफ्फुसांसाठी" म्हणून दोन इंजेक्शनं दिली होती. मुलगा दोन आठवडे काचेच्या पेटीत होता. आता साडेतीन वर्षांचा आहे, सर्दी झाली की छाती वाजते, दोनदा ॲडमिट झालाय. आता पुन्हा दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी पंप चालू ठेवायला सांगितलंय, पण त्यात स्टेरॉइड असतं म्हणून भीती वाटते, आणि सासूबाई म्हणतात "नऊ महिन्यांचा तर प्रश्न, जरा दम धर". नवरा म्हणतो तुला जे योग्य वाटेल ते कर. तो बाल्कनीत सिगारेट ओढतो. पंप ड्रॉवरमध्ये आहे, अगदीच सहन झालं नाही तर बाथरूममध्ये जाऊन एखादा पफ घेते. जाता जाता फिश ऑइल आणि व्हिटॅमिन डीचंही विचारलंय, पण मुख्य प्रश्न दोन आहेत: पंप घेऊ की नको, आणि मोठ्याचं जे झालं ते माझ्यामुळेच झालं ना?

तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी लहान मुलांची डॉक्टर आहे हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे, तुझ्यासाठी परत सांगते.

तू प्रश्न ज्या क्रमाने विचारलेस त्याच क्रमाने उत्तर देते, कारण पहिल्याला घाई आहे आणि दुसऱ्याला नाही. पंप घे. डॉक्टरांनी लिहून दिलेला रोजचा पंप आजपासून परत चालू कर, आणि या आठवड्यातच त्यांना फोन करून खरं सांग की मध्ये बंद केला होता, म्हणजे डोस बदलायचा का ते तेच बघतील. आणि बाथरूममध्ये जाऊन घेऊ नकोस, सगळ्यांसमोर घे, चोरी थोडीच करतेयस.

आता का ते सांगते, कारण "डॉक्टर म्हणाले म्हणून घे" एवढ्याने तुझं समाधान झालेलं नाही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती इतकी सरळ वाटते की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. ती अशी की एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि "काहीच नाही" हे नेहमी जास्त सुरक्षित. पण दम्याच्या बाईने औषध बंद केलं की दुसऱ्या बाजूला "काहीच नाही" नसतं गं, तिकडे दमा असतो. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याचा सगळा ऑक्सिजन तुझ्या रक्तातून नाळेवाटे येतो, म्हणजे रात्री तीन वाजता उशीला टेकून बसून तू जो श्वास ओढत असतेस तो दोघांचा असतो. दमा आटोक्यात नसलेल्या आयांमध्ये वेळेआधी डिलिव्हरी, कमी वजनाचं बाळ, प्रेग्नन्सीत बीपी वाढणं हे सगळं जास्त दिसतं, आणि दमा नीट आटोक्यात असेल तर बहुतेक जणींचं सगळं सुरळीत पार पडतं.

"पण त्यात स्टेरॉइड असतं" हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. बरं. डिलिव्हरीआधी तुला जी दोन इंजेक्शनं दिली, ज्यांच्याबद्दल तू लिहिलंयस की "देवासारखी धावून आली", त्यात काय होतं माहीत आहे का? स्टेरॉइडच. १९६९मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते, प्रसूती कशी सुरू होते ते शोधत होते, तर स्टेरॉइड दिलेली काही कोकरं इतक्या आधी जन्मली की ती जगायलाच नको होती, आणि ती चक्क श्वास घेत होती. त्यावरून त्यांनी आणि रॉस हाउवी यांनी बायकांमध्ये अभ्यास केला, तो १९७२मध्ये छापून आला, आणि आज जगभर वेळेआधी येऊ घातलेल्या बाळांच्या फुफ्फुसांसाठी ते इंजेक्शन दिलं जातं. नेहमीची पद्धत म्हणजे १२ मिलिग्रॅमचं एक, आणि २४ तासांनी तेवढंच दुसरं. १२ मिलिग्रॅम म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम. तुझ्या पंपाच्या एका पफमध्ये साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं, त्यातलंही काही घशात चिकटतं, जे गिळलं जातं त्यातलं बहुतेक लिव्हर तोडून टाकतं, रक्तात पोचतं ते फारच थोडं. दोन्ही औषधं वेगळी आहेत, कामं वेगळी आहेत, एकास एक तुलना करायची नाही हे मला कळतं, पण "स्टेरॉइड" हा शब्द ऐकून पोटात जो गोळा येतो ना तो जरा लहान व्हावा म्हणून सांगितलं. काही पंपांत असतं ते ब्युडेसोनाइड नावाचं स्टेरॉइड गरोदर बायकांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या दम्याच्या औषधांपैकी एक आहे आणि त्याची माहिती दिलासा देणारी आहे. तुझा पंप वेगळा असेल आणि त्यावर दमा आटोक्यात असेल तर तो बदलायचीही बहुधा गरज नसते, तेवढं डॉक्टरांना विचार.

आणि याचा मुलांच्या श्वासाशी थेट संबंध दाखवणारा एक अभ्यास आहे, मला तो फार आवडतो कारण त्यात आयांना दोष न देता आयांवर नीट उपचार केले होते. ऑस्ट्रेलियात दमा असलेल्या गरोदर बायकांचे दोन गट केले, एका गटाचे उपचार नेहमीसारखे लक्षणं बघून आणि दुसऱ्या गटात श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू (श्वासनलिकांना सूज असली की तो वाढतो) मोजून त्याप्रमाणे औषध कमीजास्त. २०११मध्ये निकाल आला, दुसऱ्या गटात दम्याचे अटॅक जवळजवळ निम्मे झाले होते. पुढे त्यांची मुलं ४ ते ६ वर्षांची झाल्यावर तपासली तर त्या गटातल्या मुलांमध्ये दम्याचं निदान कमी होतं. प्रत्येक दवाखान्यात ते मशीन नसतं आणि नसलं तरी अडत नाही. आईच्या दम्यावर घेतलेली मेहनत मुलाच्या छातीपर्यंत पोचते, एवढं त्यातून तुझ्या घरी सांगण्यासारखं आहे.

प्रेग्नन्सीत दम्याचं काय होतं? जुना ठोकताळा असा की एक तृतीयांश बायकांचा वाढतो, एक तृतीयांश जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. पहिल्या वेळी जसं झालं तसंच पुन्हा होण्याकडे कल असतो, म्हणून तू "वाढेल" हे धरूनच चाल. अटॅक यायचे तर बरेचदा सहावा ते आठवा महिना या काळात येतात, तुझाही सातव्यातच आला होता. म्हणजे आत्ता बरं वाटतंय यावर जाऊ नकोस. दर चार ते सहा आठवड्यांनी दम्यासाठी वेगळी तपासणी ठरवून टाक, सोनोग्राफीला गेलीस त्यातच उरकू नकोस. पंप कसा घेतेस ते एकदा डॉक्टरांसमोर करून दाखव, मी पैजेवर सांगते काहीतरी चूक निघेल, वीस वर्षं पंप घेणाऱ्यांचीही निघते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेत जा, घेतल्यावर चूळ भर. धाप लागल्यावर घ्यायचा जो पंप आहे तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागायला लागला, किंवा खोकल्याने रात्री जाग यायला लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि बोलताना वाक्य पुरं होत नाहीये, पंप घेऊनही फरक नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर कुणाचीही परवानगी न घेता थेट हॉस्पिटल.

इथे एक गोष्ट दमा नसलेल्या वाचकांसाठीही सांगून टाकते, कारण दर महिन्याला हा प्रश्न येतो. पोटात बाळ असताना नुसतीच धाप लागल्यासारखं वाटणं अगदी कॉमन आहे, हार्मोन्समुळे श्वास खोल होतो, पुढे पोट वर दाबतं. पण त्यात छाती वाजत नाही, खोकल्याने झोप मोडत नाही. वाजत असेल तर ते "या दिवसांत होतंच" म्हणून सोडायचं नाही. आणि धाप अचानक लागली, छातीत दुखतंय, पाय सुजलेत असं असेल तरी लगेच दाखवायचं.

आता दुसरा प्रश्न. माझ्यामुळेच झालं ना.

मी तुला "नाही गं, काहीच संबंध नाही" असं सांगणार नाही, कारण तू ते खोटं आहे हे ओळखशील आणि मग बाकीच्या पत्रावरही विश्वास ठेवणार नाहीस. दमा आटोक्यात नसणं आणि वेळेआधी डिलिव्हरी यांचा संबंध आहे, वेळेआधी जन्मणं आणि पुढे छाती वाजणं यांचाही आहे. बाळाच्या श्वासनलिकांच्या फांद्या साधारण १६-१७ आठवड्यांपर्यंत फुटून होतात, फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारा पदार्थ २४व्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात, म्हणजे ३३व्या आठवड्याचं मूल थोडं अर्धवट तयारीने बाहेर येतंच. पण तुझ्या मुलाच्या छातीत हा एकच धागा नाहीये. दम्याच्या आईचं मूल म्हणून त्याच्याकडे आलेला वारसा आहे, तो तू पंप घेतला असतास तरी आलाच असता. सर्दीचे व्हायरस आहेत, पहिल्या दोन वर्षांत तेच सगळ्यात जास्त छळतात. आणि बाल्कनीतली सिगारेट आहे, पोटात असल्यापासून आजपर्यंत रोज. यातला कुठला धागा किती हे एका मुलात वेगळं करून सांगता येत नाही, मला नाही आणि कुणालाच नाही. हजारो मुलांच्या अभ्यासात धोका मोजता येतो, एकाच मुलाच्या बाबतीत बोट दाखवता येत नाही. शिवाय तू पंप टाकलास तो निष्काळजीपणाने नाही, बाळाच्या भीतीपोटी टाकलास, आणि तुला तेव्हा समोर बसवून हे सगळं कुणी समजावलं नव्हतं.

जरा माझंही सांगते. वर्षानुवर्षं माझ्या केबिनमध्ये छाती वाजणारं मूल आलं की मी पहिला प्रश्न आईला विचारायचे, "प्रेग्नन्सीत काही त्रास झाला होता का?" फॉर्मवरच तसं असतं, काही चुकीचं विचारतेय असं वाटायचंच नाही. बाबा शेजारी बसून फोन बघत असायचे. एकदा एक आई त्या प्रश्नावर काही बोललीच नाही, नुसती रडायला लागली, आणि तिच्या नवऱ्याने मान वर करून विचारलं "काय झालं?", तेव्हा त्याच्या शर्टाला येणारा तंबाखूचा वास मला टेबलाच्या या बाजूला येत होता. त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला. आता विचारते, घरात सिगारेट कोण ओढतं? मग बाकीचं. तुझं पत्र वाचताना परत तेच जाणवलं, दोन पानांत "मी" हा शब्द जिकडेतिकडे आणि सिगारेट एका ओळीत, तीही "पण तो बाहेर ओढतो" अशी बाजू घेऊन.

बाहेर ओढणं हे आत ओढण्यापेक्षा बरं, एवढंच. बाल्कनीचं दार उघडं राहतं, धूर परत येतो, ओढून झाल्यावरही थोडा वेळ श्वासातून निघत राहतो, कपड्यांवर केसांवर बसतो आणि मग तो माणूस मुलाला कडेवर घेतो. निकोटिन नाळेतून बाळापर्यंत जातं हे पक्कं माहीत आहे, आणि गरोदरपणात स्वतः ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या श्वासनलिका जन्मापासूनच अरुंद निघतात हेही. दुसऱ्याच्या धुराचा परिणाम त्याहून कमी पण त्याच दिशेने, आणि तुझ्यासारख्या दमेकरी बाईला तर तो धूर म्हणजे अटॅकला आमंत्रण. तुझा दहावा आठवडा चालू आहे, वर फांद्यांचं सांगितलं ना, ते काम या घडीला चालू आहे. म्हणून नवरा "बाळ झालं की सोडेन" म्हणाला तर त्याला उशीर म्हणायचं.

"तुला जे योग्य वाटेल ते कर" हे ऐकायला किती समजूतदार वाटतं, पण त्याचा अर्थ निर्णयही तुझा आणि उद्या काही झालं तर दोषही तुझाच. त्याच्याशी भांड असं मी म्हणत नाहीये. त्याला एवढंच सांग की मी माझ्या वाटचं औषध घेतेय, तुझ्या वाटचं काम सिगारेट सोडणं आहे, आणि त्यासाठीही औषधं मिळतात, निकोटिनचे पॅच, च्युइंगगम, डॉक्टरांची मदत, नुसत्या निश्चयावर सोडायची सक्ती नाही. सुटेपर्यंत मधल्या काळात घराबाहेर, आल्यावर हात तोंड धुऊन कपडे बदलून मगच तुमच्याजवळ. आणि स्वयंपाकाचा किंवा कसलाही जळण्याचा धूर घरात कोंडत असेल तर खिडकी, पंखा, जे जमेल ते, धुराला कारण विचारायचं नसतं. जी वाचक स्वतः ओढते आणि सुटत नाहीये तिच्यासाठी: लाज बाळगून गप्प बसू नकोस, डॉक्टरांना सांग. २०१४मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात सिगारेट न सुटलेल्या गरोदर बायकांना रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं तर बाळांची फुफ्फुसं जन्मानंतर जरा बरी चालली आणि पहिल्या वर्षात छाती वाजणं कमी झालं. व्हिटॅमिन सी हा सिगारेट सोडण्याला पर्याय नाही, पण डॉक्टरांशी बोलण्याजोगा मुद्दा आहे.

सासूबाईंचं मला वाईट वाटत नाही. त्यांच्या काळात गरोदर बाईला औषध म्हणजे संकट असंच शिकवलं गेलं आणि काही औषधांच्या बाबतीत ते खरंही होतं. त्यांना यूट्यूबचे व्हिडिओ पाठवू नकोस, उपयोग होत नाही. पुढच्या तपासणीला सोबत ने आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर एकच प्रश्न विचार, "पंप बंद केला तर बाळाला काय होईल?" आपण नेहमी उलटा प्रश्न विचारतो ना, पंप घेतला तर काय होईल. सातव्या महिन्यातल्या त्या रात्रीची आठवण त्यांनाही आहेच, त्या तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होत्या असं तूच लिहिलंयस.

फिश ऑइल आणि व्हिटॅमिन डीचं विचारलंयस. डेन्मार्कमध्ये ७३६ बायकांचा अभ्यास झाला, २४व्या आठवड्यापासून रोज फिश ऑइलमधून २.४ ग्रॅम ओमेगा-३ (त्यातले मुख्य घटक), २०१६मध्ये निकाल आला, मुलांमध्ये सतत छाती वाजणं किंवा दमा २३.७ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर. चांगला आकडा आहे, पण फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात ते घटक आधीच कमी होते त्यांना झाला आणि डोस बराच मोठा होता, म्हणून मनाने बाटली आणू नकोस, विचारून घे. व्हिटॅमिन डीचं दम्यासाठी अजून ठाम काही नाही, हाडांसाठी देतील तेवढं घे. ही सगळी चर्चा पंप आणि सिगारेट यांच्या खूप नंतरची आहे, लोक मात्र गोळीपासून सुरुवात करतात कारण गोळी घ्यायला कुणाशी बोलावं लागत नाही.

लसींचं मात्र विसरू नकोस. फ्लूची लस प्रेग्नन्सीत घेता येते आणि घ्यावी, बाळाला सहा महिन्यांआधी ती देता येत नाही म्हणून तुझ्याकडून मिळालेलं संरक्षणच त्याच्या कामी येतं. डांग्या खोकल्याची २७ ते ३६ आठवड्यांत. आरएसव्ही नावाचा व्हायरस तान्ह्या बाळांची छाती भरवतो, त्याची गरोदर बायकांसाठीची लस २०२३मध्ये आली, अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांत देतात, मिळत असेल तर विचार. तुझी मागची डिलिव्हरी ३३व्या आठवड्यात झालीये, तेव्हा हे आधीच सांगून ठेव. जन्मल्यावर बाळाला थेट देण्याचं इंजेक्शनही निघालंय, तोही पर्याय असतो.

मोठ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत टूसॉन नावाच्या शहरात १९८०च्या सुमाराला जन्मलेल्या हजाराहून जास्त मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहिले होते, तर तिसऱ्या वर्षाआधी ज्यांची छाती वाजली होती त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती. आईला दमा असेल तर पुढेही वाजत राहण्याची शक्यता जास्त असते, ते लपवत नाही. पण फुफ्फुसं जन्मानंतरही वाढत असतात, हवेचे फुगे जन्माच्या वेळी काही कोटी असतात आणि मोठेपणी तीस कोटींच्या वर जातात, त्यातलं बरंचसं काम पहिल्या काही वर्षांत होतं. साडेतीन वर्षांच्या मुलाचं हे काम चालू आहे. त्याला लिहून दिलेला पंप असेल तर तोही "सवय लागेल" म्हणून मध्ये बंद करू नका, सवय लागत नाही.

आणि पुढच्या वेळी त्याची छाती वाजली की दवाखान्यात त्याला बाबांबरोबर पाठव. तू घरी झोप. फॉर्मवरचे प्रश्न एकदा बाबांना विचारू देत.